रुतलेल्या गाडीची मजुरी

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात पहिल्या पावसात गाडी रुतत नाही, घसरते. उन्हाळाभर तापून भेगाळलेली जमीन जूनचं पाणी गटागटा पिऊन टाकते. वर बोटभर चिखल, खाली घट्ट. चाक कडेला सरकतं, पण त्याला तळ लागतो. खरी रुतायची वेळ येते ती जुलैत. तोवर मातीची तहान भागलेली असते. खाचरांतून चिखलणी चाललेली असते, बांधातून झिरपलेलं पाणी गाडीवाटेवर येत असतं. त्यात वाटेवर गवत उगवलेलं असतं आणि त्या हिरवळीनं वाट जूनपेक्षा भक्कम दिसते. नवखा ड्रायव्हर तिथंच फसतो.

मी या भागात एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची गाडी चालवत होतो. आधी महिंद्राची जुनी फोर बाय फोर जीप होती, पुढं फोर बाय फोर बोलेरो आली. मागं डॉक्टर, सिस्टर, औषधांच्या पेट्या, लशींचा डबा आणि बाळांचा झोळीचा वजनकाटा. जव्हारहून निघायचं, एखाद्या दिवशी मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळच्या अंगाला, एखाद्या दिवशी दाभोशाच्या बाजूला. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि वर्षाकाठी तिथं अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. डांबरी रस्ता संपला की पुढं मुरूम, मुरूम संपला की माती, आणि मातीच्या पलीकडे पाडा. दवाखान्याची गरज त्या शेवटच्या टप्प्यावर जास्त, म्हणून गाडी फोर बाय फोर.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. त्यानंतर या डोंगरांत सरकारी आणि संस्थांच्या गाड्यांची ये-जा वाढली. गाडी वाढली तशी रुतलेली गाडीही वाढली. ती बाहेर कशी निघते हे मी तिथं शिकलो. त्यातलं निम्मं गॅरेजमध्ये कळलं आणि निम्मं खाचरात.

फोर बाय फोरबद्दल लोकांचा एक ठाम समज असतो. चारही चाकांना ताकद म्हणजे गाडी कुठंही अडायची नाही. प्रत्यक्षात ताकद चारही चाकांना सारखी मिळत नाही. पुढच्या दोन चाकांमध्ये एक डिफरन्शियल असतं, मागच्या दोन चाकांमध्ये दुसरं. वळणावर आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरावं म्हणून ते बसवलेलं असतं. डांबरावर ते उत्तम काम करतं, चिखलात तेच वैरी होतं. दोनांतलं एक चाक निसटू लागलं की फिरणं सगळं त्याच्या वाट्याला जातं आणि घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं निसटली की फोर बाय फोरची गाडी दोन चाकं गरागरा फिरवत जागच्या जागी थांबते. डिफरन्शियलला लॉक असलेल्या गाड्याही मिळतात. आमच्या गाड्यांना ते नव्हतं.

तेव्हा या गाडीचा फायदा इतकाच, की साधी गाडी जिथं रुतते त्याच्या थोडी पुढं जाऊन ती रुतते. विनोद म्हणून हे ऐकायला बरं वाटतं, पण त्या ‘थोडी पुढं’चा अर्थ मदतीपासून थोडी लांब असाही होतो. म्हणून आमच्यात जुन्या ड्रायव्हरांची एक रीत होती. चिखलात उतरताना फोर बाय फोर टाकायचं ते बाहेर येण्यासाठी, आणखी आत शिरण्यासाठी नाही. साध्या दोन चाकांवर गाडी अडली तर फोर बाय फोर हातात शिल्लक राहतं. आधीच सगळं लावून शिरलं आणि अडली, तर हातात शिल्लक राहते फक्त पहार. चढणीला आणि ओढ्याला मात्र ही रीत लागू नाही. तिथं खालीच थांबून सगळं लावून घ्यायचं, कारण मध्ये थांबणं म्हणजेच अडणं. फोर बाय फोर लावण्यासाठी जुन्या जीपच्या पुढच्या हबांना हातानं फिरवायचे लॉक होते. ते कोरड्यात उतरून फिरवले तर मिनिटाचं काम. चिखलात बुडालेल्या चाकावर तेच लॉक चाचपडत शोधायला लागणं, ही या धंद्यातली सगळ्यात चिडचिडीची वेळ.

गाडी रुतायच्या आधी सांगते. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीचा वेग उतरतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं. त्या क्षणी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला तर चाक वीतभर खोल असतं. पाय दाबला तर दहा सेकंदांत ते हातभर खोल जातं, कारण फिरणारं चाक पुढं जात नाही, खणत जातं. टायरच्या नक्षीत चिखल भरला की टायर गुळगुळीत होतो आणि मग नवा टायर काय, जुना काय, सारखाच. शेवटी गाडी पोटावर बसते. डिफरन्शियलचा गोळा मातीत टेकतो, चॅसी दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर बसते आणि चाकांवर वजनच उरत नाही. वजन नाही तर पकड नाही. पोट मोकळं होईतो चाकाखाली कितीही दगड घाला, उपयोग शून्य.

एक दिवस जवळून सांगतो. मोखाड्याच्या बाजूचा पाडा होता, लावणी ऐन रंगात होती. समोरून गुरं आली म्हणून गाडी डावीकडे घेतली आणि वाटेची कड खचली. कडेच्या आतून पाणी गेलेलं होतं, वरून काही दिसत नव्हतं. डावीकडची दोन्ही चाकं खाचराच्या अंगाला बसली आणि मागचं डिफरन्शियल टेकलं. मी इंजिन बंद केलं. सिस्टरनी लशींचा डबा खांद्याला लावला, सोबतच्या आशा कार्यकर्तीनं वजनकाटा घेतला आणि दोघी चालत अंगणवाडीकडे निघाल्या. लशींचा डबा बर्फाच्या हिशेबावर चालतो, गाडीच्या नाही. डॉक्टरही गोळ्यांची पेटी उचलून त्यांच्यामागं गेले. राहिलो मी आणि गाडी.

खाचरात वीसेक माणसं ओळीनं वाकून रोपं लावत होती. बायांनी मान वर करून पाहिलं आणि परत हात चालू केले. चार-पाच पुरुष वर आले. त्यांच्यात एक म्हातारे बाबा होते, डोक्यावरून निळ्या प्लॅस्टिकचा कागद घेतलेले. पूर्वी याच जागी पानांचं इरलं असायचं. ते काही बोलले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापुढं पाय खुपसून खोली पाहिली आणि म्हणाले, “आधी पानी काढ. गाडी मंग.”

मी पहार शोधत होतो, त्यांनी कुदळ मागितली. चाकाच्या खड्ड्यापासून उताराकडे त्यांनी हातभर रुंद चर ओढायला घेतला. पहिल्यांदा मला वाटलं, वेळ चाललाय. चर उताराला लागला तसं खड्ड्यातलं गढूळ पाणी सुटलं आणि टायरचा खालचा भाग दिसायला लागला. पाणी असेतो चिखल पातळ राहतो. तुम्ही काढाल तितका बाजूनं परत भरतो. पाणी गेलं की तीच माती हाताला गोळा लागते आणि काढलेली जागा मोकळी राहते. शिवाय बुडालेल्या चाकाला चिखल खालून धरून ठेवतो. बाजूनं वाट करून हवा आत गेली की ती पकड सुटते. हे पुढं मला कळलं. बाबांना ते रोजच्या चिखलणीतून ठाऊक होतं.

मग डिफरन्शियलखालची माती. तिथं फावडं जात नाही, पहार फिरत नाही. पालथं पडून हातानंच ओढावी लागते. एक पोरगा कोयत्याच्या पाठीनं माती खरवडायचा, मी हातानं मागं लोटायचो. गोळ्याखालून हात आरपार गेला तेव्हा जॅक आणला. नुसता जॅक चिखलात लावला तर गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो. म्हणून सीटखाली सागाची एक जाड फळी कायम असायची. फळीवर जॅक, जॅकवर पाट्याजवळचा ॲक्सल. चाक वीतभर उचललं की खाली भर घालायची.

भरीसाठी एकानं खाचराच्या बांधातला दगड उपसायला हात घातला आणि बाबा पहिल्यांदा ओरडले. मला कारण लगेच कळलं नाही. बांध हा नुसता दगडांचा ढीग नसतो, तो त्या खाचराचं पाणी धरून असतो. एक दगड निघाला की तिथून पाणी वाट काढतं, संध्याकाळपर्यंत खाचर उतरतं आणि उद्याची लावणी अडते. दगड आले ते ओढ्यातून, लांबून, डोक्यावरून. त्यांवर वाळक्या फांद्या टाकल्या. हिरवा पाला टाकायचा नाही, कारण तो टायरखाली चेंगरला की बुळबुळीत होतो. काटेरी फांदी तर नाहीच, नाहीतर रुतलेल्या गाडीला पंक्चरची जोड. पेंढा कुणी देऊ केला तरी घेऊ नये. तो चिखलात गिळला जातो, आणि पावसाळ्यात तो गुरांच्या तोंडचा असतो.

निघायचं कुठल्या दिशेनं, तर जिकडून आलो तिकडेच. आपल्या चाकांनी दाबलेली वाट मागं तयार असते, पुढचं काही माहीत नसतं. पुढची चाकं सरळ ठेवायची. ती तिरपी असली तर नांगराच्या फाळासारखी माती पुढं लोटतात. मागं घ्यायची तर फोर बाय फोरच्या लो गिअरमध्ये रिव्हर्स. पुढं काढायची असती तर लोमध्ये पहिला नाही, दुसरा टाकला असता, कारण पहिल्यात चाकाला इतका जोर येतो की ते लगेच फिरतं. क्लच हळू सोडायचा आणि इंजिनाला रमतगमत ओढू द्यायचं. माणसं गाडीच्या कोपऱ्यांना लावायची, चाकाच्या समोर किंवा मागं कुणीही नाही. फिरत्या चाकानं दगड उडतो, तो कुणाचा गुडघा आहे हे पाहत नाही.

गाडी दोनदा हलली, थांबली, तिसऱ्यांदा दगडांवर चढून वाटेवर आली. आरडाओरडा नाही, टाळ्या नाहीत. पुरुषांनी चरातल्या पाण्यात पाय धुतले आणि खाचरात उतरले. सकाळी उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधाजवळ पडून होत्या आणि लावणाऱ्यांच्या ओळीत एक मोठी फट राहिली होती. उपटलेलं रोप उद्यावर ठेवत नाहीत. म्हणजे त्यांना ती फट अंधार पडेतो वाकून भरायची होती. आमचा दवाखाना मात्र वेळेवर झाला होता.

त्या दिवसापासून रुतलेल्या गाडीकडे मी वेगळ्या हिशेबानं पाहायला लागलो. गाडी रुतते आपली, दिवस मोडतो दुसऱ्याचा. इथली लावणी एकमेकांच्या शेतावर आळीपाळीनं होते. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पाऊस उघडायच्या आत सगळ्यांचं उरकायचं असतं. भात, नाचणी, वरई एवढंच वर्षाचं घरचं धान्य. दिवाळी झाली की यातली निम्मी माणसं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे हात असतात तेव्हा त्यांना क्षणाची फुरसत नसते आणि फुरसत असते तेव्हा पाड्यावर हातच नसतात.

संस्थेच्या हिशेबवहीत डिझेलचा रकाना होता, पंक्चरचा होता, गॅरेजचा होता. गाडी काढणाऱ्यांचा नव्हता. चहापाण्याचे म्हणून खिशातले पैसे द्यायचे किंवा नुसते हात जोडायचे, अशीच पद्धत होती. मी मीटिंगमध्ये हा विषय काढला तेव्हा हिशेबनीस म्हणाले, “दादा, पावती कोण देणार? चिखल?” सगळे हसले, मीही हसलो. पण पुढं साधं व्हाउचर छापून घेतलं. तारीख, पाडा, किती माणसं, किती वेळ, अंगठा किंवा सही. शीर्षक ठेवलं, गाडी काढण्याची मजुरी. पैसे फार नव्हते, अर्ध्या दिवसाच्या रोजाइतके. काही पाड्यांवर माणसं ते घ्यायला लाजली. काही ठिकाणी त्यांनी ते गावदेवीच्या उत्सवाला टाकले. तरी हिशेबात नाव चढलं, आणि नाव चढलं की वरच्या माणसाला प्रश्न पडतो की हा खर्च दर जुलैत का येतो. रस्त्याविषयीचं आमचं सगळ्यात परिणामकारक निवेदन ती व्हाउचरंच होती.

ओढून काढण्याबद्दल थोडं. लोकांना वाटतं ट्रॅक्टर आला की सुटलो. मऊ वाटेवर ट्रॅक्टर स्वतःच बसतो आणि मग दोन यंत्रं काढायची होतात. शिवाय ट्रॅक्टरवाल्याला हिसका मारायची सवय असते. दोर सैल सोडून धावत येऊन मारलेल्या हिसक्यानं बंपर उखडून आलेला मी पाहिला आहे. गाडी होती तिथंच होती. दोर बांधायचा तो चॅसीच्या हुकाला, बंपरला कधीच नाही. तारेचा दोर असेल तर मधोमध भिजलेलं पोतं किंवा जुनी सतरंजी टाकायची, म्हणजे तार तुटलीच तर ती हवेत न उसळता खाली पडते. आणि दोर ताणलेला असताना दोराच्या लांबीएवढ्या अंतरात कुणी उभं राहायचं नाही. पोरं हमखास तिथंच येऊन उभी राहतात. त्यांना लांब पाठवणं हे ओढण्याइतकंच महत्त्वाचं काम.

ट्रॅक्टरपेक्षा मला रेड्यांची जोडी बरी वाटली. इथं चिखलणीला रेडे असतात. चिखलात कसं चालायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांचा ओढा संथ असतो, हिसका नसतो, आणि गाडी निघणार नसेल तर ते सरळ थांबतात. दीड टनाची गाडी एकट्या जोडीनं वर येत नाही. पण खालून चाक मोकळं केलेलं असेल, गाडी लोमध्ये हळूहळू साथ देत असेल, तर ती जोडी पुरते. रेडे लावले की त्या धन्याची त्या वेळची चिखलणी थांबते. व्हाउचरवर त्यांचाही आकडा वेगळा लिहायचो.

वाळूचं गणित चिखलाच्या उलटं आहे. उन्हाळ्यात नदीपात्रातून पलीकडे जायचं असलं की तिची गाठ पडते. पालघरच्या किनाऱ्यावर, केळवे-बोर्डीकडे, हौसेनं पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांना तर ती भेटतेच. चिखलात पाणी काढावं लागतं. वाळूत उलट, ओली दबलेली वाळू गाडी पेलते आणि कोरडी गिळते. वाळूत टायरची हवा कमी करणं हा पहिला उपाय. रस्त्यावर अठ्ठावीस-तीस असते, ती पंधरा-अठरावर आणली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वर राहतं. ट्यूबचा टायर असेल तर याहून खाली जायचं नाही. रिम आत फिरते, टायर जागेवर राहतो आणि ट्यूबचं तोंड तुटतं. हवा कमी केली की वेग कमी, वळण सावकाश, आणि डांबर लागताच पंपानं हवा परत. पंप जवळ नसेल तर हवा काढूच नये. समुद्रावर आणखी एक घड्याळ चालू असतं. ओहोटीपासून भरतीला सहा तासांच्या आसपास लागतात आणि अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त आत येतं. रुतलेल्या गाडीची कुणी वाट पाहत नाही, समुद्र तर नाहीच.

काही जागा अशा की तिथं गाडी घालायचीच नाही. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि फरशीची कड दिसत नसेल तर थांबायचं. आधी काठी घेऊन कुणीतरी चालत जायचं. माणसाला जिथं पाय टेकवून उभं राहवत नाही तिथं गाडीला ओढ लागणारच. इंजिनापेक्षा वाहत्या पाण्याचा जोर जास्त असतो, आणि तरंगायला लागलेल्या गाडीला फोर बाय फोर असो की आणखी काही, चाकं असून नसल्यासारखीच. पाण्यातून गेलेल्या गाडीचं काम घरी आल्यावरही संपत नाही. ब्रेक हळू दाबत वाळवायचे, हबचं आणि डिफरन्शियलचं तेल पाहायचं. पाणी शिरलं असेल तर तेल दुधाळ दिसतं. ते त्याच आठवड्यात बदललं नाही तर बेअरिंग पुढच्या महिन्यात ओरडतं.

फरशीवरून पाणी जात असेल अशा दिवशी आम्ही अलीकडच्या काठावर थांबायचो आणि पलीकडून पेशंट डोलीतून यायचा. बांबूला घोंगडी किंवा चादर बांधलेली, पुढं दोन, मागं दोन, बदलीला आणखी चार. 2014 मध्ये राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. ती फार मोठी सोय झाली, पण ती गाडी लांब आणि मागच्या दोन चाकांवर चालणारी. डांबर संपलं की तिचं काम थांबतं. तिच्यात आणि पाड्यात जे अंतर उरतं ते माणसांचे खांदे भरून काढतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत मुदतीआधी जन्मलेली जुळी बाळं दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला डोलीतून खाली आणावं लागलं. कारण पाड्यापर्यंत रस्ताच नव्हता. तिथं कुठलीही फोर बाय फोर उपयोगाची नव्हती.

मातीच्या वाटा इथं आहेत त्यालाही इतिहास आहे. 1972 च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमी आली आणि 1977 च्या कायद्यानं खेड्यातल्या माणसाला कामाचा हक्क मिळाला. या डोंगरांत त्या कामातून कित्येक पाड्यांना पहिल्यांदा वाट मिळाली. पण मातीकामाचा रस्ता पावसाळ्याला पुरत नाही. खडीकरण, मोऱ्या आणि गटारं नसली की दोन-चार पावसाळ्यांत तो ओढा होतो. डिसेंबर 2000 मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवर 500 लोकवस्तीची अट, डोंगरी आणि आदिवासी भागात 250 ची. जव्हार आणि मोखाडा दोन्ही अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे त्यांना 250 लागू. पण इथला पाडा कित्येकदा पंधरा-वीस घरांचा असतो. गाव कागदावर जोडलं जातं, पाडा तसाच राहतो. नोव्हेंबर 2023 मधल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या विशेष असुरक्षित समूहांच्या वस्त्यांसाठी ही अट 100 वर आली. चांगलं झालं. वारली आणि कोकणा पाडे त्यात बसत नाहीत.

आज त्या भागातल्या काही वाटांवर डांबर आलं आहे. जिथं आम्ही फळी, जॅक आणि कुदळ घेऊन उतरायचो, तिथून रुग्णवाहिका थेट अंगणवाडीपर्यंत जाते. कुणी विचारतं, आता तुमचं ते कसब वाया गेलं म्हणायचं. जाऊ दे की. रस्ता नव्हता म्हणून ते शिकावं लागलं होतं. चर कसा ओढायचा हे नव्या ड्रायव्हरला माहीत नसणं, ही त्या पाड्याच्या दृष्टीनं चांगली बातमी आहे. वाईट इतकंच, की सगळ्या पाड्यांना ती अजून मिळालेली नाही.

मात्र आता जुलै-ऑगस्टमध्ये वेगळ्या गाड्या रुतताना दिसतात. दाभोसा, हिरडपाडा, काळमांडवीचे धबधबे पाहायला मुंबई-नाशिकहून माणसं येतात. 2020 ला नवी थार आली तेव्हापासून चिखलात उतरून पाहायची हौस वाढली. 2023 पासून ती नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते, हे कित्येकांना गाडी रुतल्यावरच आठवतं. हौसेला माझी ना नाही. मलाही गाडी आवडते म्हणून तर जन्म गाडीवर काढला. पण तुम्ही ज्याला चिखलाचा ट्रॅक समजता ते बऱ्याचदा कुणाचं तरी चिखलणी केलेलं खाचर असतं, लावणीला तयार.

तेव्हा येणार असाल तर एवढं पाळा. वाटेवरून उतरू नका. फळी, फावडं आणि गाडीचा भार पेलेल असा दोर गाडीत ठेवा. गाडी अडली की ॲक्सिलरेटर सोडा, उतरा आणि पहिला चर स्वतः ओढा. बांधाचा दगड काढू नका. आणि खाचरातून माणसं वर आली, त्यांनी गाडी काढून दिली, तर फोटो काढून निघून जाऊ नका. त्यांच्या वयाचा मान ठेवून, नीट विचारून, अर्ध्या दिवसाचा रोज प्रत्येकाच्या हातात द्या. ते मागणार नाहीत. म्हणूनच तो तुम्ही द्यायचा आहे.